इंजेक्टर पाणी धरत नाही? नोझल उघडण्याआधी हे तपासा

वर्षानुवर्षे शेडमध्ये उभे असलेले वाफेचे इंजिन पुन्हा पेटवले, की पहिल्या काही फेऱ्यांतच एक तक्रार हमखास येते. बॉयलरची चाचणी झालेली असते, नळ्या नव्या असतात, रंग चकाकत असतो आणि फूटप्लेटखाली, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो त्या फळीखाली, ओव्हरफ्लोच्या (न घेतलेले पाणी-वाफ बाहेर टाकणाऱ्या) नळीतून वाफ फुसफुसत राहते. वाफेच्या जोराने पाणी ढकलणारा इंजेक्टर "धरत" नाही, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी काही जात नाही. हंगामाच्या सुरुवातीला तर हे ठरलेलेच.

हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता पान्हा सगळ्यात शेवटी उचलतो. कारण बहुतेक वेळा इंजेक्टर निर्दोष असतो. बिघाड असतो टेंडरपासून (इंजिनामागच्या पाण्या-कोळशाच्या डब्यापासून) इंजेक्टरपर्यंतच्या वाटेवर. जुनी इंजिने जपणारे स्वयंसेवक मात्र आधी इंजेक्टरच खोलतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसला प्रकार. आत काही सापडत नाही, परत बसवताना एखादा वॉशर इकडचा तिकडे होतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

सुरुवातीलाच: पाणी किती आहे?

विस्तव पेटलेला असताना इंजेक्टरची कुठलीही तपासणी करायची तर दोन अटी. दुसरा इंजेक्टर आत्ता, तुमच्या डोळ्यांसमोर पाणी भरतो आहे हे पाहिलेले असावे, आणि गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच, निदान अर्धी भरलेली असावी. ग्लासचे कॉक उघडून, वाफेने फुंकून, पातळी परत खरी येते का तेही बघा. खालची वाट क्षाराने बुजली असेल तर काचेत पाणी छान दिसते, बॉयलरमध्ये मात्र नसते. या दोन्हींपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी, गार इंजिनावर.

लक्षणे

ओव्हरफ्लोतून काय पडते ते दोन मिनिटे नीट बघितले तर निम्मे निदान तिथेच होते.

- नुसते गार पाणी पडते, वाफेचा आवाजच नाही: वाफ पोहोचत नाही. स्टीम व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, किंवा बॉयलरचा दाबच अजून पुरेसा चढलेला नाही.
- नुसती कोरडी वाफ, पाणी नाही: पाणी पोहोचत नाही.
- वाफ आणि उकळते पाणी एकत्र, थुंकत थुंकत: पाणी अपुरे आहे, गरम आहे, त्यात हवा येते आहे किंवा पुढे क्लॅक व्हॉल्व्ह (बॉयलरच्या तोंडाशी असलेली एकतर्फी झडप) अडकला आहे. सर्वांत जास्त दिसणारे लक्षण हेच.
- धरतो, थोडा वेळ चालतो, मग सोडतो: गाळणी किंवा टाकीची हवेची वाट.
- उभ्या इंजिनावर चालतो, गाडी धावू लागली की सोडतो: होज (इंजिन-टेंडरमधली रबरी नळी), ढिले सांधे, किंवा धक्क्यांनी आपोआप फिरणारा पाण्याचा व्हॉल्व्ह.
- कमी दाबाला चालतो, पूर्ण दाबाला नाही: पाण्याची वाट अरुंद झाली आहे, किंवा नोझल झिजले आहेत.
- धरतो, पण ओव्हरफ्लो ठिबकत राहतो: पाणी जरा जास्त सोडले आहे. कमी करूनही थांबत नसेल तर नोझलवर संशय घ्या.
- बंद असतानाही अंग चटका बसेल इतके तापलेले: क्लॅक किंवा स्टीम व्हॉल्व्ह गळतो आहे.
- काचेत पाणी कमी असताना उत्तम चालतो, काच भरली की सोडतो: याबद्दल शेवटी. ही भानगड वेगळी आहे.

एक वही ठेवा. दाब, काचेतली पातळी, टाकीतल्या पाण्याचे तापमान, गाडी उभी की धावती, एवढे चार रकाने पुरेत. "कधी चालतो, कधी नाही" अशी तक्रार आली तर चार दिवसांची वही बघून कारण बहुतेक समजतेच.

आत काय होते, थोडक्यात

इंजेक्टरचे पेटंट फ्रेंच इंजिनियर आंरी जिफार यांनी १८५८ मध्ये घेतले. बॉयलरमधलीच वाफ घेऊन त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध पाणी कसे ढकलता येते, हा प्रश्न प्रत्येक नवा स्वयंसेवक विचारतो आणि विचारायलाच हवा. १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची वाफ त्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे पावणेदोनशे पट जागा व्यापते. स्टीम नोझलमधून ती प्रचंड वेगाने सुटते, कंबाइनिंग नोझलमध्ये गार पाण्याला भिडते आणि क्षणात पाणी होऊन जाते. वाफेचा वेग मात्र त्या पाण्याच्या धारेत उतरलेला असतो. पुढे डिलिव्हरी नोझल रुंद होत जातो, धार मंदावते, वेगाचा दाब होतो आणि तो दाब बॉयलरच्या दाबाहून जास्त भरला की क्लॅक उचलला जातो.

सगळी मदार वाफ पूर्णपणे पाणी होण्यावर आहे. एक किलो वाफेमागे साधारण बारा किलो पाणी धरा. टाकीतले पाणी २० अंशांचे असेल तर मिश्रण सुमारे ७० अंशांवर येते. तेच पाणी ५० अंशांचे असेल तर मिश्रण ९७ अंशांवर जाते. नोझलांच्या मधल्या, ओव्हरफ्लोकडे उघडणाऱ्या फटीपाशी दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच असतो, म्हणजे १०० अंशांना तिथे उकळी फुटणार. उकळी फुटली की धार तुटली. म्हणून पाणी पुरेसे हवे, गार हवे, हवा नसलेले हवे आणि वाफ कोरडी हवी. खालची प्रत्येक तपासणी या चारांपैकी कशाची तरी आहे.

फुकटातल्या तपासण्या

आधी हाताळणी. आधी पाणी, मग वाफ. पाणी ओव्हरफ्लोतून स्वच्छ पडू लागले की स्टीम व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण उघडा. घाबरत घाबरत पाव फेरा उघडणारा नवखा फायरमन इंजेक्टरला नुसता तापवत बसतो. पूर्ण उघडल्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह हळूहळू कमी करत आणा, ओव्हरफ्लो कोरडा पडेपर्यंत. फूटप्लेटच्या वर बसवलेला, पाणी खालून ओढून घेणारा इंजेक्टर असेल तर थोडा फरक: आधी जरासी वाफ देऊन पाणी वर येऊ द्यायचे आणि ते आल्यावर मग पूर्ण उघडायचे. दोन्ही प्रकार एकाच इंजिनावर असतील तर तशा चिठ्ठ्या लावून टाका. वाद वाचतात.

मग टाकीचे झाकण. जुन्या टेंडरची झाकणे कधीच घट्ट बसत नसत, म्हणून कुणाला हवेच्या वाटेची आठवण येत नसे. आता हौसेने नवीन रबरी गॅस्केट बसवतात आणि हवेची छोटी नळी रंगाने बुजवून टाकतात. पाणी जसजसे कमी होते तसतशी आत पोकळी तयार होते आणि प्रवाह मंदावतो. परीक्षा सोपी आहे: इंजेक्टर सोडू लागला की झाकण उघडा. लगेच सुधारला तर चोर सापडला.

टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवा. बॉयलरला चिकटून बाजूच्या टाक्या असलेल्या इंजिनांत पाणी दुपारपर्यंत चांगलेच तापते. ४० अंशांच्या पुढे गेले की इंजेक्टर कुरकुरणारच. त्यावर इलाज एकच, गार पाणी भरणे.

इंजेक्टरचे अंगच तापले असेल तर पाणी सोडून मिनिटभर वाहू द्या किंवा ओले गोणपाट गुंडाळा. त्याने धरला तर आजची फेरी निघेल, पण तो तापला का याचे उत्तर राहतेच. त्याकडे पुढे येतो.

बादली आणि घड्याळ

ही तपासणी लोक टाळतात, कारण कपडे भिजतात. पण मला एकच तपासणी करू दिली तर मी हीच करेन. इंजिन गार. इंजेक्टरपाशी पाण्याचा पाइप सोडवा, खाली बादली धरा आणि टेंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. इंजेक्टर मिनिटाला १०० लिटर देणारा असेल तर २० लिटरची बादली १२ सेकंदांच्या आत भरली पाहिजे. पंधरा-वीस सेकंद लागत असतील तर इंजेक्टरला हात लावू नका, बिघाड त्याच्या अलीकडे आहे. ही परीक्षा टाकी भरलेली असताना एकदा आणि पाव भरलेली असताना एकदा करा, कारण पाण्याची उंची कमी झाली की प्रवाहही घटतो आणि तक्रार नेमकी फेरीच्या शेवटी येते. (पाणी वर ओढून घेणाऱ्या इंजेक्टरला ही परीक्षा लागू नाही. तिथे पाइप टेंडरखालीच सोडवून बघा.)

प्रवाह कमी निघाला तर पहिला संशय गाळणीवर. नव्याने चालू केलेल्या इंजिनात गाळणी ही एकदा धुऊन विसरायची वस्तू नाही. टाकीच्या आतला गंज वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो. पाणी भरून गाडी हलू लागली की त्याचे पापुद्रे सुटतात, आठवडेच्या आठवडे सुटत राहतात. चपटे, नखाएवढे, तपकिरी. ते गाळणीच्या जाळीवर कौलांसारखे एकावर एक बसतात. गंमत अशी की इंजेक्टर बंद केला की ओढ थांबते आणि निम्मे पापुद्रे खाली गळून पडतात. त्यामुळे सकाळी बादली वेळेत भरते आणि दुपारी इंजेक्टर सोडतो. म्हणून गाळणी काढताना ती उभीच, न हलवता बाहेर घ्या आणि खालच्या भांड्यात काय पडले आहे तेही बघा. पापुद्र्यांबरोबर कोळशाची भुकटी, रंगाच्या साली, पुसायच्या फडक्याचे दोरे हेही निघते. दोरे निघाले तर टाकीत कुणीतरी अख्खे फडके विसरले आहे. ते शोधल्याशिवाय झाकण लावू नका.

पहिल्या हंगामात प्रत्येक चालत्या दिवसाआधी गाळणी धुवा. पाणी स्वच्छ निघू लागले की अंतर वाढवा. गाळणी काढून टाकून गाडी चालवण्याची कल्पना कुणी मांडली तर तिथल्या तिथे मोडून काढा. तोच पापुद्रा मग नोझलमध्ये जाऊन बसतो.

गाळणी स्वच्छ आणि तरीही प्रवाह कमी? मग टेंडरचा व्हॉल्व्ह. दांडा फिरतो, पण आतल्या तबकडीला धरून ठेवणारी पिन गंजून गेलेली असू शकते. टाकीत टॉर्च मारून, एकाला दांडा फिरवायला सांगून, तबकडी खरोखर उचलली जाते का ते बघा.

होज: बाहेरून नवी, आतून जीभ

इंजिन आणि टेंडर यांच्यामधली रबरी होज बाहेरून निर्दोष दिसूनही आतून बंद होऊ शकते. आतले अस्तर सुटते आणि त्याची जीभ तयार होते. बादलीच्या परीक्षेत पाणी सावकाश वाहते तेव्हा ती जीभ बाजूला पडून राहते. इंजेक्टरने जोरात ओढले की ती उठून वाट अडवते. होज काढून दोन्ही टोकांतून आत उजेड टाका, बोट घालून अस्तर चाचपा. शंका आली तर बदला. नवी घेताना आत तारेची गुंडाळी असलेली, ओढीचा जोर सोसणारीच घ्या. बागेतल्या नळीचा थोरला भाऊ चालणार नाही. ती ओढीने चपटी होते.

ओव्हरफ्लो दाबून धरून वाफ उलटी टेंडरकडे फुंकायची आणि गाळणी मोकळी करायची, ही जुन्या फायरमन मंडळींची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. रबरी होज असताना करू नका. अस्तर सुटण्याचे ते एक चांगले कारण आहे.

हवा कुठून येते

पाण्याच्या पाइपातली गळती दोन प्रकारची. उभ्या इंजिनावर थेंब पडतो ती दिसते. पण इंजेक्टर ओढू लागला की त्याच फटीतून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, थेंब थांबतो आणि सगळ्यांना वाटते गळती थांबली. हवेचे पाणी होत नाही, ती धारेत जागा अडवते, धार फाटते. आवाजही बदलतो: सलग सूर न लागता मधेमधे खरखर येते.

शोधायची रीत जुनी आणि स्वस्त. इंजेक्टर चालू असताना एकेका सांध्यावर ओले फडके घट्ट गुंडाळा किंवा जाड ग्रीस थापा. ज्या सांध्यावर खरखर थांबेल तो सांधा दोषी. हे फक्त पाण्याच्या, गार बाजूच्या सांध्यांवर. वाफेच्या किंवा डिलिव्हरीच्या बाजूला हात नेऊ नका. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे ग्लँड पॅकिंग आवर्जून तपासा, कारण तिथे थेंब दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही.

काही इंजेक्टरांना ओव्हरफ्लोवर झडप असते. इंजेक्टरने धरले की ती आपोआप बसते आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. तिच्या बैठकीवर क्षाराचा एक कण असला तरी पुरे. गार इंजिनावर काढा, पुसा, बैठकीवर हलके घासून बसवा.

क्लॅक: तापलेल्या अंगाचे कारण

क्लॅक व्हॉल्व्ह पाण्याला बॉयलरमध्ये जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तो नीट बसत नसेल तर १० किलो दाबाला १८४ अंशांचे पाणी डिलिव्हरी पाइपातून उलटे येते, इंजेक्टरमध्ये पोहोचताच त्याची वाफ होते आणि अंग तापते. स्टीम व्हॉल्व्ह गळत असेल तरी अंग तापतेच. फरक असा ओळखा: डिलिव्हरी पाइपावर क्लॅकपासून इंजेक्टरपर्यंत ठिकठिकाणी पाण्याचे थेंब उडवा. क्लॅककडून थेंब चुरचुरत उडत असतील तर क्लॅक दोषी. डिलिव्हरी पाइप निवलेला आणि वाफेचा पाइप तापलेला असेल तर स्टीम व्हॉल्व्ह. हात लावून बघू नका.

क्लॅकच्या पेटीवर लाकडी मोगरीने एक हलकी टिचकी मारली तर अडकलेला क्लॅक कधी कधी बसतो. एक टिचकी. लोखंडी हातोड्याने नाही, नट-बोल्टवर नाही. बसला नाही तर विषय त्या दिवसापुरता संपला. दाब असताना क्लॅकचे टोपण सैल करायचे नाही, मध्ये बंद करायचा व्हॉल्व्ह असला तरी नाही. तो व्हॉल्व्हही क्लॅकइतकाच जुना असतो.

आता नोझल

इथवर काही सापडले नाही तरच. बॉयलर गार, दाब शून्य, आणि दाब शून्य आहे हे फक्त मीटरच्या काट्यावरून ठरवायचे नाही. कुठला तरी कॉक उघडून खात्री करा.

प्रत्येक नोझल काढताना त्याचा वॉशर त्याच्याच बरोबर वेगळ्या डबीत ठेवा, कारण नोझलांमधले अंतर या वॉशरवर ठरते. पांढरा कडक थर दिसला तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून भिजवा आणि लाकडी काडीने साफ करा. तारेचा ब्रश, ड्रिल, सँडपेपर, काही नाही. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असला तरच धार एकसंध राहते. एक ओरखडा वर्षभराच्या झिजेपेक्षा जास्त नुकसान करतो.

मग मापे. डिलिव्हरी नोझलचा सर्वांत अरुंद भाग महत्त्वाचा. ब्रिटिश पद्धतीत इंजेक्टरचा आकारच त्या व्यासावरून मिलिमीटरमध्ये सांगतात. प्लग गेजने (भोकात घालून बघायच्या नेमक्या मापाच्या दांड्याने) मोजा आणि मूळ ड्रॉइंगशी ताडून बघा. भोक लंबगोल झाले असेल, किंवा स्टीम नोझलची कड खाल्ल्यासारखी दिसत असेल तर साफसफाईने काही होणार नाही.

इथे थांबा

दोन्ही इंजेक्टर बंद पडले आणि काचेतली पातळी उतरते आहे: डॅम्पर (विस्तवाला हवा देणारी झडप) बंद करा, विस्तव ओल्या कोळशाने दडपा, वाफ वापरणे थांबवा, इंजिनाच्या जबाबदार ड्रायव्हरला तत्काळ सांगा. पातळी काचेच्या खालच्या नटाकडे आली तर विस्तव पाडायचा, म्हणजे खाली काढून टाकायचा. गाडीत प्रवासी आहेत, कार्यक्रम आहे, पाहुणे आले आहेत, यातले काहीही कारण नाही. पाणी काचेतून दिसेनासे झाले असेल तर त्यानंतर इंजेक्टर चालू झाला तरी लावू नका. फायरबॉक्सचे (विस्तवाच्या पेटीचे) छत उघडे पडून तापलेले असू शकते आणि त्यावर पाणी गेले तर काय होते ते बघायला कुणी उरत नाही. फ्युजिबल प्लगवर (पाणी उतरले की वितळणाऱ्या, छतातल्या बुचावर) भरवसा ठेवून वाट बघणे हाही वेडेपणाच. विस्तव पाडल्यावर बॉयलर इन्स्पेक्टरने आत पाहिल्याशिवाय पुन्हा पेटवायचे नाही.

क्लॅकच्या पलीकडे, बॉयलरच्या बाजूला जे काही आहे ते स्वयंसेवकांचे काम नाही. डिलिव्हरीचे पाणी बॉयलरमध्ये शिरते तिथे गार पाणी अचानक तापते आणि क्षार दगडासारखा जमतो. भोक करंगळीएवढे उरलेले मी पाहिले आहे. ते कोरून काढणे, स्टड बदलणे, पाइपाला वेल्डिंग, हे सगळे बॉयलरचे काम करणाऱ्या अधिकृत माणसाचे.

काच भरली की सोडणारा इंजेक्टर याच यादीत येतो. बऱ्याच इंजिनांत वाफ डोमच्या (बॉयलरवरच्या घुमटाच्या) वरच्या भागातून, बॉयलरच्या आतल्या पाइपाने आणलेली असते. त्या पाइपाला गंजून भोक पडले, की पातळी वर असताना वाफेबरोबर पाणी ओढले जाते. ओल्या वाफेत जोर नसतो. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून लोक महिनोन्महिने नोझल घासत बसतात. (एकदाच घडले असेल तर बॉयलरच्या पाण्यात घालायचे औषध जास्त पडून फेस झाला होता का, ते आधी विचारा.) वहीतल्या पातळीच्या नोंदी घेऊन बॉयलरवाल्याकडे जा. तो आत बघेल.

नवे नोझल बनवणे हेही तज्ज्ञाचेच काम. आतला निमुळता उतार खास रीमरने (भोक नेमक्या मापाला कोरणाऱ्या हत्याराने) होतो, लेथवर अंदाजाने होत नाही. बनवायला देताना जुने नोझल आणि वॉशर दोन्ही द्या, आणि नवे आल्यावर जुने फेकू नका. पुढच्या वेळी माप ताडायला तेच लागतात.